औषधाच्या पाकिटावरचा आकडा कोण लिहितो?

भाताचा हमीभाव दिल्लीत ठरतो. दुधाचा दर डेअरीवाला सांगतो. काकडी, शिराळी, पडवळ घेऊन तुम्ही पहाटेच्या लोकलने कल्याणला गेलात तर टोपली खाली ठेवायच्या आत दलाल भाव बोलून मोकळा होतो. आपल्या मालावर आपल्या हाताने किंमत लिहिणं काही शेतकऱ्याच्या नशिबी नाही. पण बाजारात एक माल असा आहे की ज्याची किंमत बनवणारा स्वतः छापतो, घेणारा मुकाट देतो आणि घासाघीस करायची कोणाची छाती होत नाही. तो माल म्हणजे औषध.

मागच्या पावसाळ्यात कर्जतहून कशेळ्याकडे जाणाऱ्या एस.टी.त एक ओळखीचे गृहस्थ भेटले. घरात नातवाला ताप. पिशवीतून त्यांनी गोळ्यांची दोन पाकिटं काढून माझ्या हातात दिली. औषध तेच, ताकद तीच, गोळ्याही तितक्याच. एक पाकीट गावाजवळच्या दुकानातलं, दुसरं शहरातलं. एकावरची किंमत दुसऱ्याच्या चौपट. "यातली खरी किंमत कुठली हो?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "काका, छापलेल्या दोन्ही खऱ्या. पण औषधाला खर्च किती आला ते दोन्हीवर लिहिलेलं नाही." त्यांना ते पटलं नाही. पटायला थोडं मागे जावं लागतं, म्हणून हा लेख.

आता कोणी म्हणेल, सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं, मग आम्हाला काय त्याचं? १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले हे खरं. नेरळ, कडाव, कळंब, खांडस, वावोशी, लोहोप, कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, केसपेपरचेही पैसे नाहीत. पण मंडळी, तुम्हाला फुकट म्हणजे सगळ्यांनाच फुकट असं होत नाही. कंपनीला पैसे मिळतातच. ते सरकारी तिजोरीतून जातात, आणि तिजोरीत ते तुमच्या-आमच्याकडूनच येतात. मग ते पेट्रोलवर असोत, खतावर असोत की साबणाच्या वडीवर. शंभर रुपयांच्या निधीत दहाची गोळी पंचवीसला घेतली तर दहा जणांऐवजी चौघांनाच पुरते. उरलेल्या सहा जणांच्या हातात चिठ्ठी पडते, "बाहेरून आणा." ही चिठ्ठी ज्याने घेतली आहे त्याला पुढचं सांगायला नको.

सरकारही कोर्टात जातं

औषधाच्या जास्त किमतीवरून सरकार आणि कंपन्या यांची भांडणं आजची नाहीत. १९७० साली केंद्र सरकारने जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली औषध किंमत नियंत्रण आदेश काढला. हा तोच कायदा, ज्याच्या आधाराने रेशनच्या धान्यावर आणि रॉकेलवर तहसीलदाराची नजर असते. पुढे जयसुखलाल हाथी यांच्या समितीने १९७५ साली औषध उद्योगावर मोठा अहवाल दिला आणि १९७९ मध्ये नवा, अधिक कडक आदेश आला. कंपन्यांनी खर्चाचा हिशोब द्यायचा, सरकारने दर ठरवायचा अशी ती पद्धत होती.

या आदेशाखाली दर ठरले तशा कंपन्या दिल्ली हायकोर्टात गेल्या. १९८४ साली तिथे त्यांच्या बाजूने निकाल लागला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८७ च्या एप्रिल महिन्यात सायनामाइड इंडिया खटल्याचा निकाल आला. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी तो लिहिला. न्यायालयाने थोडक्यात असं सांगितलं, की किंमत ठरवणं हे कोर्टाचं काम नाही, ते सरकारचं. कोर्ट फक्त नियम पाळले की नाहीत एवढं पाहील.

या निकालात एक उदाहरण आहे, ते वाचून मी तरी चाट पडलो. बरालगन हे नाव जुन्या माणसांना आठवत असेल. पोटात कळ आली, मूतखडा उठला की हे औषध दिलं जायचं. हेक्स्ट कंपनीचं ते. ते ज्या मूळ द्रव्यापासून बनतं त्या बरालगन कीटोनची किंमत कंपनीने किलोला २४,७३५ रुपये अशी जाहीर केलेली होती. १९७९ चा आदेश आल्यावर कंपनीने सरकारकडे दर ठरवून मागितला, तेव्हा मागणी आली किलोला ८,५०० रुपयांची. सरकारने हिशोब तपासला आणि दर लावला १,८१० रुपये. एकाच किलोला तीन आकडे, पहिला आणि शेवटचा यांच्यात तेरापट अंतर. आपल्याकडे कोणी भात तेरापट भावाने विकायला काढला तर लोक त्याला वेडा म्हणतील. इथे मात्र माणसं पोट धरून दुकानात उभी असतात, त्यामुळे वेडं कोणी ठरत नाही.

जमीन महसुलाची थकबाकी

आता तलाठी भाऊसाहेब आणि ग्रामसेवक मंडळींनी कान देऊन ऐकावं असा भाग येतो.

ठरवलेल्या दरापेक्षा कंपनीने जास्त पैसे घेतले तर सरकार नोटीस देतं. जादा घेतलेली रक्कम भरा, वर दरसाल १५ टक्के व्याज भरा. भरली नाही तर? जीवनावश्यक वस्तू कायद्यातच सोय आहे. ही रक्कम जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल करता येते. म्हणजे तुमची शेतसाऱ्याची किंवा बिनशेती आकाराची बाकी ज्या रस्त्याने वसूल होते तोच रस्ता, तोच जिल्हाधिकारी, तीच जप्तीची तरतूद.

कागदावर दोघेही सारखेच. प्रत्यक्षात काय होतं? शेतकऱ्याची चार-पाच हजारांची बाकी राहिली की कोतवाल दारात येतो, साताबाऱ्यावर बोजा चढतो, पुढचं कर्ज अडतं. औषध कंपनीची बाकी कोटींत असते. तिच्या दारात कोतवाल जाण्याआधी तिचा वकील हायकोर्टात पोचलेला असतो आणि स्थगिती हातात असते. कोर्टात जाणं हा हक्कच आहे, त्यात गैर काही नाही. पण बाकी जितकी मोठी तितकी ती टिकते जास्त, हे बघून शेतसारा भरणाऱ्याला काय वाटत असेल ते वेगळं सांगायला नको.

या कामासाठी २९ ऑगस्ट १९९७ रोजी दिल्लीत राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरण स्थापन झालं. तेव्हापासून प्राधिकरणाने कंपन्यांकडे केलेली मागणी हजारो कोटींच्या घरात गेली. संसदेत वेळोवेळी आलेली उत्तरं पाहिली तर वसूल झालेली रक्कम मागणीच्या पाव हिश्शालाही पोचलेली दिसत नाही. मोठा भाग कोर्टात अडकलेला.

खटला आपल्या दारातला

या सगळ्यात गाजलेला खटला ज्या कंपनीचा, तिचा एक कारखाना आपल्याच पाताळगंगा औद्योगिक वसाहतीत आहे. सिप्ला. खालापूर तालुक्यातली कितीतरी मुलं तिथल्या कारखान्यांत कामाला जातात, त्यामुळे हे नाव नवं नाही.

१९९५ च्या किंमत नियंत्रण आदेशात ७४ मूळ औषधं नियंत्रणाखाली होती. त्यांतली चार नावं लक्षात ठेवा: नॉरफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, साल्ब्युटामॉल आणि थिओफिलिन. पहिली दोन जुलाब, विषमज्वर, लघवीची जळजळ अशा दुखण्यांवर डॉक्टर लिहून देत आले. दुसरी दोन दम्याची. वीटभट्टीवर धूर आणि धुळीत वर्षानुवर्षं राबणाऱ्या कातकरी माणसाची छाती भरते तेव्हा दवाखान्यात त्याला काय मिळतं? बहुतेक वेळा साल्ब्युटामॉल. म्हणजे ही काही श्रीमंतांची औषधं नव्हेत, आपल्या वाड्या-पाड्यांवरची आहेत.

प्राधिकरणाचं म्हणणं असं, की कंपनीने या औषधांवर ठरलेल्या दरापेक्षा जादा पैसे घेतले, ते व्याजासह भरावेत. कंपनीचं म्हणणं असं, की १९९४ च्या औषध धोरणात नियंत्रणाखाली कुठलं औषध घ्यायचं याचे निकष लिहिलेले आहेत. उलाढाल किती, बाजारात स्पर्धा किती, हे पाहायचं. त्या निकषांत ही औषधं बसतच नाहीत. मग दरच बेकायदा, तर जादा आकारणी कसली? दोन्ही बाजू वजनदार. २००१ साली मुंबई हायकोर्टाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. १ ऑगस्ट २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो बाजूला ठेवला आणि पुन्हा नव्याने विचार करा म्हणून प्रकरण मुंबईला परत पाठवलं. त्यानंतर वेगवेगळ्या कोर्टांत, वेगवेगळ्या कंपन्यांच्या बाबतीत हाच वाद फिरत राहिला. जुलै २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिप्लाचे अर्ज पुन्हा मुंबई हायकोर्टाकडे दिले, पण एक अट घालून: मागणीची निम्मी रक्कम आधी सरकारकडे भरा, मग वाद घाला.

ही अट मला फार महत्त्वाची वाटते. कूळकायद्याचे, वहिवाटीचे दावे चालवलेल्या माणसाला तिची किंमत कळेल. पैसा ज्याच्या हातात असतो त्याला दावा लांबला तरी चालतं. निम्मा पैसा हातातून सुटला की त्यालाही घाई होते.

आता याच कंपनीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर लिहिणं एकांगी होईल. एड्सवर परदेशी कंपन्यांची औषधं एका रोग्याला वर्षाला हजारो डॉलरना पडत होती. २००१ साली याच सिप्लाच्या डॉ. युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा एकत्रित डोस वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला साधारण एका डॉलरमध्ये देऊ केला. आफ्रिकेतल्या लाखो गरिबांचे प्राण पुढे स्वस्त भारतीय औषधांनी वाचले. तीच कंपनी, त्याच वर्षांत, दम्याच्या औषधाच्या दरावरून आपल्या सरकारशी कोर्टात उभी. धंदा आणि धर्म एका छपराखाली राहतात ते असे. त्यामुळे कंपनी चांगली की वाईट असा निवाडा करण्यात अर्थ नाही. पाहायचा तो पाकिटावरचा आकडा.

अमेरिकेतला दुकानदार

औषधाच्या फुगवलेल्या किमतींवरून सर्वात मोठे सरकारी खटले झाले ते अमेरिकेत. ती गोष्ट आपल्या आरोग्य केंद्राशी जुळते म्हणून सांगतो.

तिकडे म्हाताऱ्यांसाठी आणि गरिबांसाठी सरकारी आरोग्य योजना आहेत. डॉक्टर किंवा औषध दुकानदार रोग्याला औषध देतो आणि सरकारकडे बिल पाठवतो. सरकार पैसे देणार कुठल्या दराने? तर कंपनीने जाहीर केलेल्या 'सरासरी घाऊक किमती'च्या आधाराने. इथेच मेख होती. ती किंमत कंपनीच कळवायची. प्रत्यक्षात डॉक्टरला आणि दुकानदाराला माल फार कमी दरात मिळायचा. मधला फरक त्यांच्या खिशात. त्यामुळे ज्या कंपनीची जाहीर किंमत जास्त, तिचा माल घेण्यात फायदा जास्त. बाजाराची रीतच उलटी झाली, जो महाग लिहील त्याचा खप जास्त.

हे उघडकीला आणलं ते फ्लोरिडा राज्यातल्या की वेस्ट या लहानशा बेटावरच्या एका छोट्या औषध कंपनीने, व्हेन-ए-केअर तिचं नाव. आपण घेतो एक दर आणि सरकार देतं भलताच, हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते सरकारकडे गेले. तिथे १८६३ सालचा, अब्राहम लिंकनच्या काळातला एक कायदा आहे. यादवी युद्धात ठेकेदार लष्कराला निकस माल खपवत, त्यांना धरण्यासाठी केलेला. सरकारला खोटं बिल लावणाऱ्याविरुद्ध कोणीही नागरिक सरकारच्या वतीने दावा लावू शकतो. सरकार दाव्यात उतरलं आणि पैसा वसूल झाला तर त्या नागरिकाला वसुलीचा १५ ते २५ टक्के हिस्सा मिळतो. व्हेन-ए-केअरच्या दाव्यांतून डिसेंबर २०१० मध्ये ॲबट, बी. ब्राऊन आणि रॉक्सेन या तीन कंपन्यांनी मिळून ४२.१ कोटी डॉलर भरायचं कबूल केलं. त्याआधी २००१ साली टॅप या कंपनीने पुरुषांच्या प्रोस्टेट कॅन्सरवरच्या इंजेक्शनच्या प्रकरणात ८७.५ कोटी डॉलर भरले होते. तिने डॉक्टरांना नमुन्याची फुकट इंजेक्शनं दिली आणि डॉक्टरांनी त्यांचीही बिलं सरकारला लावली, हे त्यातलं एक कलम.

आपल्याकडे असा कायदा नाही. चुकीचं बिल पकडून देणाऱ्याला हिस्सा तर सोडाच, बदली मिळाली नाही तर नशीब म्हणायचं.

दहा टक्के सूट

आता परत या आपल्या तालुक्यात. सरकारी औषध कुठून येतं? मोठी खरेदी राज्य पातळीवर होते. २०१७ पासून ते काम हाफकिन महामंडळाकडे दिलं होतं. त्यात उशीर फार, तक्रारी फार. मग २०२३ मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण केलं. पण वरून माल येईपर्यंत साप थांबत नाही की ताप थांबत नाही. मग स्थानिक खरेदी होते. रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून, कधी आणखी कुठल्या शीर्षातून. गावपातळीवर ग्राम आरोग्य समितीकडेही थोडा निधी असतो. सरपंच, सदस्य, ग्रामसेवक, वैद्यकीय अधिकारी यांच्या सह्या इथे लागतात. म्हणून हे तुमच्यासाठी.

स्थानिक खरेदीत दरपत्रकं मागवली की बहुतेक वेळा एक वाक्य दिसतं: "छापील किमतीवर अमुक टक्के सूट." तीन दरपत्रकं येतात. एकात दहा टक्के, एकात बारा, एकात पंधरा. पंधरावाला सगळ्यात स्वस्त म्हणून ठराव होतो आणि सगळे समाधानाने चहा पितात. पण छापील किंमत कोणी लिहिली? समजा एका गोळीच्या पाकिटावर एका कंपनीने २० रुपये छापले आणि दुसरीने ८०. पहिलीवर दहा टक्के सूट म्हणजे १८ रुपये. दुसरीवर पन्नास टक्के सूट म्हणजे ४०. पन्नास टक्के सूट देणारा दानशूर वाटतो, पण पाकिटामागे २२ रुपये जास्त घेऊन जातो. की वेस्टच्या दुकानदाराला जे दिसलं ते हेच. सूट पाहू नका, रुपये पाहा. दरपत्रक मागवताना औषधाचं मूळ नाव, ताकद, गोळ्यांची संख्या लिहा आणि एका गोळीला किती रुपये-पैसे ते सांगा म्हणा.

काही औषधं कंपन्या डॉक्टरच्या पेठेत न फिरवता थेट दुकानदाराच्या भरवशावर विकतात. त्यांच्यावर छापील किंमत भरपूर असते आणि दुकानदाराला मिळतात फार स्वस्त. माल वाईट असतोच असं नाही. पण स्वस्ताई दुकानापर्यंत येऊन थांबते, गिऱ्हाइकापर्यंत पोचत नाही. शहरातल्या मोठ्या रुग्णालयांतही तीच तऱ्हा. फेब्रुवारी २०१८ मध्ये प्राधिकरणाने दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली, तर काही वस्तूंवरचा नफा खरेदी किमतीच्या १,७३७ टक्क्यांपर्यंत निघाला.

स्वस्तात घेता येतं याचा पुरावा तामिळनाडूत आहे. १९९४ साली तिथे सरकारी औषध खरेदीसाठी महामंडळ निघालं. मूळ नावाने औषध मागवायचं, सगळ्या दवाखान्यांची मागणी एकत्र करायची, उघड निविदा काढायची, माल तपासून घ्यायचा आणि दर सगळ्यांना दाखवायचे. राजस्थानने २०११ मध्ये २ ऑक्टोबरला मोफत औषध योजना सुरू केली तीही याच धर्तीवर. यात कुठलंही जादूचं शास्त्र नाही. भाताची विक्री सगळ्यांनी मिळून केली तर बाजारात पत वाढते, तेवढंच.

आणि महाग म्हणजे गुणकारी हा समज तर आपल्या रायगडनेच खोटा ठरवला आहे. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. तेव्हा लाल विंचू चावला की माणसं दगावायची. त्यांनी प्राझोसिन नावाची, रक्तदाबावरची जुनी आणि साधी गोळी वापरून माणसं वाचवली आणि ते जगाच्या वैद्यकीय मासिकांत मांडलं. कोकणात विंचवाने मरणाऱ्यांची संख्या त्यानंतर खूप खाली आली. पुढे २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गोळी स्वस्त होती म्हणून विंचवाने काही दाद द्यायचं नाकारलं नाही.

खर्च कोणी विचारत नाही

२०१३ साली औषध किंमत नियंत्रणाची पद्धत बदलली. त्याआधी १९९५ च्या आदेशात औषधाला खर्च किती आला ते पाहून, त्यावर विक्रीखर्च आणि नफ्यासाठी शंभर टक्क्यांपर्यंत वाढ देऊन दर ठरे. २०१३ पासून खर्च विचारणं बंद झालं. अत्यावश्यक औषधांच्या यादीतलं औषध घ्यायचं, बाजारात एक टक्का किंवा अधिक वाटा असलेल्या सगळ्या कंपन्यांच्या किमतींची सरासरी काढायची, त्यात दुकानदाराचे १६ टक्के मिळवायचे, झाली कमाल किंमत. शिवाय घाऊक महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे दरवर्षी बदल. एप्रिल २०२३ मध्ये हा बदल १२ टक्क्यांहून जास्त होता. यादीबाहेरच्या औषधाला वर्षाला दहा टक्के वाढ करायची मोकळीक आहेच.

नियंत्रणाखालच्या औषधांची संख्या यात वाढली, ही जमेची बाजू. पण महाग विकणाऱ्यांची सरासरी काढली तर ती महागच निघणार. शेतकऱ्याने उत्पादन खर्चावर भाव मागितला की त्याला सांगतात, बाजार पाहा. स्वामिनाथन आयोगाने खर्चावर दीडपट भाव सांगितला त्याला किती वर्षं झाली! आणि औषधाच्या बाबतीत मात्र खर्च विचारण्याची जी पद्धत होती तीच बंद केली. दोन्हीकडे बाजारच, आणि दोन्हीकडे नुकसान एकाच माणसाचं. तो भात विकतो आणि गोळ्या विकत घेतो.

सरकारला वाटलं तर ते खडबडीत पाऊल उचलू शकतं हेही खरं. १४ फेब्रुवारी २०१७ पासून हृदयातल्या औषधी स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये केली. त्याआधी तोच स्टेंट लाख-सव्वा लाखाला आणि त्याहून वरही बसवला जात होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यावरही मर्यादा आली. शेत विकून ऑपरेशन केलेल्या माणसांना हे उशिराच कळलं, असो.

पैसा जातो कुठे

खटला जिंकला, वसुली झाली, तर पैसा कोणाला? हा प्रश्न मला कशेळ्याच्या वाटेवरच त्या काकांनीही विचारला होता. उत्तर असं, की तो केंद्र सरकारच्या एकत्रित निधीत जमा होतो. ज्याने जादा पैसे मोजून बाटली घेतली त्याला काही परत मिळत नाही. मिळणार तरी कसं, वीस वर्षांपूर्वीच्या दम्याच्या औषधाची पावती कोणी जपून ठेवली आहे? आणि रोगीही राहिलेला असेलच असं नाही. ज्या आरोग्य केंद्राचा निधी जादा दरात संपला त्याच्याकडेही तो पैसा थेट वळत नाही.

म्हणून जे काही करायचं ते पैसे देण्याआधी. पाकिटावरच्या किमतीपेक्षा जास्त घ्यायचा अधिकार कोणत्याही दुकानदाराला नाही. पत्ता कापून चारच गोळ्या दिल्या तर चारचेच पैसे, पाकिटाच्या हिशोबाने. दुकानात दरांची यादी दिसेल अशी लावायची असते, मागितली तर दाखवली पाहिजे. पावती घ्याच, आणि तिच्यावर औषधाचं नाव, बॅच नंबर आणि किंमत आहे ना ते पाहा. नुसत्या आकड्याची चिठ्ठी पावती होत नाही. अत्यावश्यक यादीतल्या औषधाची सरकारी कमाल किंमत किती, हे प्राधिकरणाच्या 'फार्मा सही दाम' या मोबाईलवरच्या सोयीत दिसतं. घरातल्या शाळकरी मुलाला सांगा, तो दोन मिनिटांत काढून देईल. छापील किंमतच सरकारी कमाल किमतीपेक्षा जास्त निघाली तर तक्रार प्राधिकरणाच्या १८०० १११ २५५ या मोफत क्रमांकावर किंवा जिल्ह्याच्या औषध निरीक्षकाकडे करता येते. तक्रारीत बॅच नंबर नसेल तर पुढे काही हलत नाही, म्हणून पाकीट फेकू नका.

ग्रामपंचायतीच्या मंडळींसाठी एक वेगळी गोष्ट. तुमच्या आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीने गेल्या वर्षी कोणती औषधं, कोणाकडून, गोळीला काय दराने घेतली, हे विचारण्यात कोणाचा अपमान नाही. सचिव म्हणून वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे ते दफ्तर असतं आणि चांगला अधिकारी ते आनंदाने उघडतो. त्यालाही दरपत्रकांपुढे एकट्याने बसायचा कंटाळा आलेला असतो. ग्रामसभेत सांगा, फळ्यावर लिहायला लावा. तोंडी विचारून मिळालं नाही तर माहितीच्या अधिकाराखाली साधा अर्ज करता येतो. वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, तो तहसील कचेरीबाहेर मिळतो.